चूक मान्य, महाभियोग अमान्य

महाभियोगाला विरोध करणारा म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा भक्त, हे समीकरण १९९९ साली अमेरिकेत अजून पक्कं झालं नव्हतं. त्या वर्षी १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीला, सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरच्या आरोपांची मांडणी सुरू झाली. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तिळगूळ घेताना तोच विषय. विवाहबाह्य संबंधांबद्दल क्लिंटन खोटं बोलले, यात कुणालाच शंका नव्हती. तरी बरेचजण म्हणत, तेवढ्यावरून निवडून दिलेल्या माणसाला घरी पाठवायचं?

मला आठवतात ते डेल बंपर्स. आर्कान्सासचे, चोवीस वर्षं सिनेटर राहून नुकतेच निवृत्त झालेले. २१ जानेवारीला ते जुन्या सहकाऱ्यांपुढे क्लिंटन यांच्या बचावाला उभे राहिले आणि बचाव करता करताच त्यांचं वागणं अक्षम्य म्हणाले, निर्लज्ज म्हणाले! क्लिंटन कुटुंबाची झालेली परवड सांगून ते राज्यघटनेकडे वळले. महाभियोग माणसाला शिक्षा करण्यासाठी नसतो, देशाला वाचवण्यासाठी असतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. मला तो आजही पटतो.

प्रतिनिधिगृहात तेव्हाही पक्षीय वैर कमी नव्हतं. पण सिनेटचे शंभरही सदस्य जुन्या दालनात दार लावून बसले आणि सुनावणीचे नियम १००-० मतांनी मंजूर झाले. १२ फेब्रुवारीला न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपावर ५०-५० मतं पडली. दोषी ठरवायला ६७ हवी होती. सुझन कॉलिन्स, ऑलिंपिया स्नो यांच्यासह पाच रिपब्लिकन ‘दोषी नाही’ म्हणाले. डेमोक्रॅट डायान फाइनस्टाइन यांनीही तेच मत दिलं आणि त्याच दिवशी क्लिंटन यांच्या निषेधाचा ठराव आणण्याची खटपट केली. तो मतदानापर्यंत पोचला नाही.

२०२० मध्ये मात्र ट्रम्प यांच्या महाभियोग सुनावणीचे नियम ५३-४७ असे, सरळ पक्षनिहाय मंजूर झाले. टेनेसीचे रिपब्लिकन सिनेटर लॅमार अलेक्झांडर म्हणाले, वागणं अयोग्य, पण पदावरून काढण्याजोगं नाही. अर्थात ते पुन्हा निवडणूक लढवणार नव्हते. डेमोक्रॅट सिनेटर जो मँचिन यांनी निषेधाचा ठराव सुचवला, त्याला पाठिंबाच मिळाला नाही. हल्ली गप्पांतही कुणी असं काही बोललं, की आधी त्याचा पक्ष विचारतात. याचं मला फार वाईट वाटतं. पुढचा महाभियोग येईल तेव्हा निषेधाच्या ठरावावर मतदान व्हायलाच हवं. अध्यक्ष चुकले असं मानूनही त्यांना हटवायला विरोध करणाऱ्यांची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे.