पाकिटावरच्या बायका

शिवणकाम कुणाकडे शिकलात, असे विचारले की मी क्लासच्या बाईंचे नाव सांगते. ते खरेच आहे. पण कपडा वाचायला मला शिकवले ते अमेरिकेतल्या काही चित्रकारांनी, आणि त्यांची नावे कुठे छापलेलीच नव्हती.

न्यूयॉर्कच्या आत्याने तिकडची जुनी पॅटर्नची पाकिटे पाठवली होती. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक. आत टिश्यू कागदाचे कापलेले भाग, वर १९५०च्या दशकातल्या बायका. कंबर मुठीत मावेल एवढी आणि उंची चांगली नऊ डोक्यांची. तुम्ही-आम्ही फार तर साडेसात. त्या काळी 'व्होग'मध्ये एरिक नावाचा चित्रकार सही करून चित्रे काढी, पॅरिसात दिओरसाठी रने ग्रुओ आपल्या सहीतल्या 'जी'वर चांदणी काढी. पाकिटवाल्यांना सही नाही आणि थापा मारायची सोयही नाही. ग्रुओचा झगा शाईच्या एका फटकाऱ्यात वाहून गेला तरी चाले, तो कुणी घरी शिवणार नव्हते. पाकिटावरचा झगा मात्र एखादी गृहिणी मशीनवर बसून शिवणार! तिथे कंबर खोटी चालते, डार्ट खोटा चालत नाही.

बटरिकचा १९५२चा ६०१५ नंबर बघा, 'वॉक-अवे ड्रेस'. डोक्यातून घालायचा, पुढचा अरुंद भाग मागे नेऊन अडकवायचा, मग मागचा घेर त्यावरून पुढे आणून कमरेशी बटणे लावायची. सांगताना मीच गोंधळते. चित्रात काठाच्या उरेब पट्टीची रेघ बोटाने धरून गेले की कुठला भाग वर नि कुठला खाली, ते लगेच उलगडते.

त्याहून मोलाची ती पाकिटावरची पाठमोरी छोटी आकृती. रंग नाही, नखरा नाही. नुसत्या झिपेच्या, डार्टच्या, जोडाच्या रेघा. फोटोत एखादी काळी रेषा सावली म्हणून खपून जाते. काढणाऱ्याला मात्र तो जोड आहे की झोळ, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल टेकवता येत नाही.

म्हणून माझ्याकडे कुणी मोबाइलवर ब्लाउजचा फोटो दाखवून "ताई, अस्सं हवंय" म्हणाली, की मी आधी तिला त्याची पाठ काढायला लावते. परवा एकीने पुढून-मागून बंद गळा काढला, हुक कुठेच नाहीत. डोके आत जाणार कुठून? कागदावरच कळले म्हणून मीटरभर सिल्क वाचले. ते पैसे खरे तर बटरिकच्या त्या चित्रकाराचे.