खिळे आधी, गन नंतर

डुलुथच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठापासून थोडं आत आमची एक केबिन आहे. 16 फूट बाय 20 फूट, खाली एक खोली, वर माळा. मिनेसोटात उन्हाळा आला की शुक्रवारी दुपारपासून रस्ते उत्तरेकडं वाहू लागतात. जो तो आपापल्या केबिनीवर निघालेला, आणि बहुतेकांची ती आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. आमच्या आजोबांचं घर कुडाळजवळ, चिऱ्यांचं आणि कौलारू. त्याच्या वाटण्या कधी होतील ते रवळनाथालाच ठाऊक. तेव्हा इथं निदान एक छप्पर तरी आपल्या हातानं उभं करावं, असं मी आणि बायकोनं ठरवलं. जागा घेतली, काउंटीचं परमिट काढलं, आणि मी हत्यारांची यादी केली. यादीत पाच नेल गन होत्या. ती यादी शेजारच्या जागेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवली आणि मी त्यांच्या देण्यात अडकलो, तो आजतागायत.

त्यांचं नाव इथं घालत नाही, त्यांना ते खपणार नाही. आमच्या घरात ते मिस्त्री. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची इथली रीत माझ्या जिभेला कधी पेलली नाही, म्हणून हे नाव पडलं आणि पुढं तेही त्याला ओ देऊ लागले. त्यांचे आजोबा फिनलंडहून मेसाबी रेंजच्या लोखंडाच्या खाणीत आलेले. त्या काळी त्या भागात फिनिश माणसं फार आली. मिस्त्रींनी खाण टाळली आणि जन्मभर सुतारकी केली. बोलणं तोलून मापून. एका वाक्यात भागत असेल तर दुसरं खर्च करायचे नाहीत.

यादी त्यांनी नाकापासून लांब धरून वाचली. कुठल्या कंपनीची गन घेणार, हवेवरची की बॅटरीवरची, असं काही विचारतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं, "खिळे कुठून घेणार?"

दुसऱ्या दिवशी ते मला गावातल्या लाकडाच्या वखारीत घेऊन गेले. गनच्या कपाटाकडं ढुंकूनही न बघता थेट खिळ्यांच्या मांडणीपुढं उभे राहिले. फ्रेमिंगच्या गनमध्ये सुटे खिळे चालत नाहीत, जोडलेल्या पट्ट्या लागतात, आणि त्या पट्टीचा तिरपेपणा गनगणिक वेगळा. 21 अंशांची पट्टी प्लॅस्टिकनं जोडलेली, तिचे खिळे पूर्ण गोल डोक्याचे. 28 अंशांची तारेनं जोडलेली. 30 ते 34 अंशांची कागदी, तिच्यात खिळे दाटीवाटीनं बसावेत म्हणून डोकी बऱ्याचदा एका बाजूनं छाटलेली. एका कोनाची पट्टी दुसऱ्या कोनाच्या गनमध्ये जात नाही. म्हणजे गन एकदाच घ्यायची आणि खिळे मात्र ती टिकेल तोवर. काही ठिकाणचे तपासनीस छाटलेल्या डोक्याचे खिळे भिंतीत चालवून घेत नाहीत. त्या वखारीत 21 अंशांच्या पेट्यांची थप्पी होती, बाकीच्यांच्या दोन-चार धूळ खात पडलेल्या. "आता गन बघ," मिस्त्री म्हणाले.

मग पेन्सिल चालली. छपराची कॉइल गन खोडली: पत्रा घालणार असशील तर स्क्रू लागतील, शिंगल घालणार असशील तर दोन दिवस भाड्यानं आण. 18 गेजची ब्रॅड गन खोडली: ती कपाटं आणि नाजूक पट्ट्या करणाऱ्यांची. 16 गेजची फिनिश गन राहिली, आतून पाइनच्या फळ्या मारायला. पाम नेलरपुढं त्यांनी लिहिलं, "माझ्याकडं आहे."

हा पाम नेलर मुठीत मावतो. त्याच्या नाकाशी लोहचुंबक असतं, त्यात एक खिळा धरायचा आणि टेकवायचा. आत एक दट्ट्या धडाधड ठोके घालत खिळा आत घालवतो. तुळयांना आधार देणारे पत्र्याचे हँगर असतात, त्यांच्या नेमक्या भोकातच खिळा जावा लागतो आणि दोन तुळयांच्या सांदीत हातोडा फिरायला जागा नसते. तिथं याला तोड नाही. तो त्यांनी दिला तो दिलाच. परत न्यायला गेलो की म्हणायचे, डेक बाकी आहे ना, राहू दे.

फ्रेमिंगची गन मात्र उसनी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्याकडं दोन होत्या, त्यातली एक तर महिनोन्‌महिने खोक्यातून बाहेर निघत नसे. मला वाटलं, जिवापाड जपलेलं हत्यार, परक्याच्या हाती कशाला देतील? कारण वेगळंच निघालं. उसन्या हत्यारानं माणूस घाई करतो. उद्या परत करायचं आहे म्हणून आज काळोख पडेपर्यंत रेटत राहतो, आणि अपघात होतात ते त्या शेवटच्या तासात. "स्वतःची घे आणि पाच वाजता खाली ठेव," म्हणाले.

म्हणून घेतली. कॉम्प्रेसर वापरलेला मिळाला, गन नवी. बॅटरीवरच्या गनला नळी ओढावी लागत नाही, हे मी त्यांना ऐकवून पाहिलं. त्यांनी दुकानातली एक माझ्या हातात दिली आणि हात डोक्याच्या वर धरायला लावला. थोड्याच वेळात मी ती मुकाट्यानं परत ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर गनचा चाप बदलला. बऱ्याच गनना दोन तऱ्हांचे चाप बसतात. एकात चाप दाबूनच ठेवायचा आणि गनचं नाक लाकडाला जिथं जिथं लागेल तिथं तिथं खिळा सुटतो. काम झपाट्यानं होतं. दुसऱ्यात आधी नाक टेकवायचं, मग चाप ओढायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा पहिल्यापासून. माझ्या गनला पहिला होता. मिस्त्रींनी नळी काढली, पिन सरकवली, पाकिटातला दुसरा चाप बसवला आणि जुना स्वतःच्या खिशात घातला. मग पँटचा पाय गुडघ्याच्या वर ओढून दाखवला. वाटीच्या बाजूला आत दबलेला, चकचकीत गोल वण. चाप दाबलेल्या अवस्थेत गन घेऊन शिडी उतरताना नाक पायाला लागलं होतं. "साडेतीन इंची," एवढंच म्हणाले.

त्यांच्या एका गुडघ्यावर मी विसंबलो असं नाही. पुढं मी अमेरिकी सरकारनं 2011 साली काढलेली नेल गनच्या सुरक्षेची पुस्तिका वाचली. तीही हाच चाप घ्या म्हणते. 2001 ते 2005 या काळात वर्षाला सरासरी 37,000 माणसं नेल गननं जखमी होऊन इस्पितळांच्या तातडीच्या विभागात गेली, आणि त्यांत दर दहांतली चार माझ्यासारखी हौशी. निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या आणि बोटांच्या. मी पोटासाठी कीबोर्ड बडवतो. बोटांचं महत्त्व मला कुणी वेगळं सांगायला नको.

भिंती उभ्या राहू लागल्या तेव्हा ते रोज सकाळी येत, कॉफीचा थर्मास घेऊन. हत्याराला हात लावत नसत. 16 इंचांवर उभे केलेले खांब डोळ्यानंच मोजत, आणि प्लायवुडवरच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवत जात: कडेला दर 6 इंचांवर एक, मध्ये दर 12 इंचांवर. एखादं डोकं आत खोल रुतलेलं लागलं की अंगठा थांबायचा. वरचा पापुद्रा फाटला की तो खिळा नावालाच, फळीची पकड गेली. मग मी कॉम्प्रेसरचा दाब थोडा उतरवायचा आणि शेजारी नवा खिळा मारायचा. बाहेरून सीडरच्या फळ्या लावताना त्यांनी स्टेनलेसचेच खिळे घ्यायला लावले. साध्या खिळ्यांभोवती सीडरचा रस काळा पडतो आणि पहिल्याच पावसात भिंतीवर शाईसारखे ओघळ येतात. ते खिळे महाग होते आणि मी कुरकुरलो, हेही खरं.

या सगळ्याचे पैसे मी देऊ केले, ते त्यांनी ऐकल्यासारखं दाखवलंच नाही. मग आमच्याकडच्या पद्धतीनं फेडायला गेलो. त्यांच्या सौनात घाम काढून बाहेर आल्यावर बायकोनं त्यांना कोकम सरबत दिलं. एक पेला झाला, दुसरा झाला, आणि तेव्हापासून कुडाळहून आगळाची बाटली आली की निम्मी त्यांच्याकडं जाते. पण हे फेडणं नव्हे, हा नुसता शेजारधर्म. पाम नेलरची किंमत काढता येईल, वखारीतल्या त्या दुपारची निघेल, वाचलेल्या तीन गनांचे पैसे तर चोख मांडता येतील. माझ्या हातात न घुसलेला खिळा कुठल्या वहीत लिहू? कधी, कुठल्या शिडीवर, कुठल्या बोटातून तो जाणार होता हे मलाही माहीत नाही आणि त्यांनाही नाही. आणखी कोणा कोणाला त्यांनी असा चाप बदलून दिला, ते त्यांनी मोजलेलं नसणार.

दोन वर्षांपूर्वी ते लेकीकडं ॲरिझोनात राहायला गेले. इथली थंडी गुडघ्याला सोसेना. ऑक्टोबर आला की फोन येतो. हवापाणी नाही, ख्यालीखुशाली नाही.

"टाकीतलं पाणी काढलंस?"

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतला ओलावा साठतो, तो खालच्या तोटीतून सोडावा लागतो. नाहीतर इथल्या हिवाळ्यात गोठून सगळं तडकायचं.

"काढलं."

"गनमध्ये तेलाचे थेंब?"

"घातले."

"चाप?"

"तुम्ही बसवलेलाच आहे."

"ठीक," म्हणतात, आणि मग मागून लेकीचा आवाज येतो की त्या लाल सरबताचंही विचारा.