ताटाचे छायाचित्र

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहन संपादक मंडळाने केले, तेव्हा आमच्या 1989 च्या दहावीच्या तुकडीतून जवळजवळ एकाच प्रकारची छायाचित्रे जमा झाली. वर्गाचा समूहफोटो, 14 एप्रिलची मिरवणूक, स्नेहसंमेलनातील नाटकाचा एखादा प्रवेश, क्रीडास्पर्धेत मिळालेली ढाल. भोजनगृहातील पंगतीचे एकही छायाचित्र कोणाकडे निघाले नाही. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत आम्ही प्रत्येक जण तेथे तीन हजारांहून अधिक वेळा जेवलो असू. पण त्यांतल्या एकाही जेवणाची कागदावर खूण नाही.

याचे कारण अर्थातच उघड आहे. फोटोग्राफर तालुक्याहून वर्षातून एकदा-दोनदा येई. त्याच्या रोलमध्ये 36 फोटो निघत आणि त्यांतला प्रत्येक मोलाचा असे. भाकरीवर तो कोण खर्च करील? फोटो काढावा तो माणसांचा, तोही अंगावर चांगले कपडे असताना, असा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. जेवण ही फोटो काढण्याची नव्हे, उरकण्याची गोष्ट होती.

तरीही ते न काढलेले छायाचित्र माझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ आहे. कौलारू लांबट खोली, तिच्या दोन्ही भिंतींना लागून अंथरलेल्या सुतळीच्या पट्ट्या, आणि समोरासमोर मांडी घालून बसलेली आम्ही ऐंशी-नव्वद मुले. प्रत्येकापुढे जर्मनचे ताट. ताटाच्या काठावर कर्कटकाने कोरलेले नाव. ज्याचे अक्षर वाईट त्याचे ताट दुसऱ्याकडे जाण्याचा संभव अधिक. त्रिसरण-पंचशील होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हा नियम. त्या दोन-तीन मिनिटांत वरणाच्या पातळपणाचा अंदाज घेण्याची विद्या आम्ही सर्वांनी कमावली होती. वाढणारा मोठ्या वर्गातला असला, तर तो आपल्या गाववाल्याच्या वाटीत पळी खालून ढवळून घालतो आणि इतरांच्या वाटीत वरूनच, हेही आम्हांला कळत असे. स्वयंपाकाच्या मावशी मात्र सर्वांत धाकट्या मुलांच्या ओळीतून स्वतः फिरत आणि ‘पोटभर झालं का रं?’ असे विचारत. तो प्रश्न ज्याला विचारला जाई, त्याच्या डोळ्यांत हमखास पाणी येई, कारण तो घरी विचारला जाणारा प्रश्न होता.

अन्न दिसते असे एक छायाचित्र मात्र मला सापडले. एका पाहुण्यांनी मुलांना फळे वाटली, त्या प्रसंगाचे. आम्ही दहा-बारा जण रांगेत उभे आहोत, प्रत्येकाच्या हातात एक केळे आहे आणि ते सर्वांनी छातीशी एकाच उंचीवर धरले आहे. पाहुणे मधोमध हसत आहेत. आम्ही हसत नाही, कारण फोटो होईपर्यंत केळे सोलू नये अशी सूचना होती. पाहुण्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि केळी गोड होती हेही नमूद केले पाहिजे. पण त्या चित्रात आमच्या हातांतले अन्न आमचे दिसत नाही. ते त्यांचे दिसते. आजही रुग्णालयाच्या खाटेजवळ एका केळ्याला चौघांचे हात लागलेले फोटो मी पाहतो, तेव्हा माझी नजर घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते. बहुधा तो खाली पाहत असतो.

आपल्याकडे अन्न आणि छायाचित्र यांचा संबंध आला, तो पुष्कळदा असाच दुसऱ्याच्या हातून. 1876 ते 1878 च्या महादुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे घेतली. माणसांना ओळीने बसवून, मांडणी करून ती घेतलेली दिसतात, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. हा दुष्काळ मुंबई इलाख्यात आणि निजामाच्या राज्यातही होता, म्हणजे आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांच्या पोटातला होता. पुढे 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी कॅमेरा घेतला, तो त्या माणसांच्या बाजूने. हा फरक लहान नव्हे. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच राहिली. ज्यांच्या ताटात काही नव्हते, त्यांच्या हातात कॅमेराही नव्हता.

माझी माय 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. नवे लग्न झालेले, वय सतरा-अठरा. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी यांविषयी ती अजूनही बोलते, पण फार थोडे. मिलोची भाकरी थापताना मोडत असे, एवढेच सांगून ती विषय बदलते. आज ती सत्तरी ओलांडून गावी एकटी राहते आणि तिच्याकडे फोटो काढता येणारा मोबाइल आहे. या दोन वाक्यांमधील अंतर मला अजून पुरते मोजता आलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की, खाल्लेले तोंडी सांगताना माणूस विसरतो, कमी-जास्त सांगतो. त्यापेक्षा रोज दोन्ही वेळच्या ताटाचा फोटो पाठवा. जेवणाआधी एक आणि जेवणानंतर उरलेल्याचा एक. ताटाशेजारी नेहमीचा एकच चमचा ठेवा, म्हणजे भाकरी केवढी आणि भात किती याचा अदमास येतो. मी हे मायला समजावून सांगितले. ती म्हणाली, “भाकरीचा काय फोटू काढायचा असतो व्हय? लोक हसतील की रं.”

शेजारच्या मुलीने शिकवल्यावर तिने सुरुवात केली. पहिल्या आठवड्यातील फोटोंत ताटाचा अर्धा भाग आणि तिचा अंगठा. नंतर हात स्थिरावला. दिव्याच्या उजेडात वरण हिरवट दिसते आणि स्टीलच्या ताटात फोटो काढणाऱ्याचीच सावली पडते, हे तिला कोणी सांगितले नाही. ती आपण होऊन ताट उंबऱ्याशी आणू लागली. दारातून तिरपा उजेड आला की भाकरीचा पापुद्रा, तिच्यावरील बोटांचे ठसे, भुरक्यातल्या लसणाच्या पाकळ्या असे सगळे दिसते. वाफ टिपायची तर मागे काळोख हवा आणि उजेड पलीकडून हवा. तिच्या स्वयंपाकघराच्या काजळलेल्या भिंतीने ती सोय करून ठेवली आहे. शहरातील उपाहारगृहांत लोक अशा उजेडासाठी निराळे दिवे लावतात.

एकदा मला संशय आला. सलग चार दिवसांच्या फोटोंत भाकरीला डाव्या बाजूस तोच जळका डाग होता. मी फोन करून विचारले, “माय, तू खरंच जेवलीस का?” ती मुळीच वरमली नाही. “जेवले की, कव्हाच. रोज तेच खाते, मग फोटू तरी दुसरा कशाला काढू?” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंकडेही नव्हते. त्या फक्त हसल्या आणि म्हणाल्या, त्यांना सांगा, तेलाचे प्रमाण तसेही फोटोत दिसत नाही, तेवढे रोज बोलून कळवा.

जेवताना कोणी आठवण करून द्यावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खात असे आणि धापा टाकीत भगवंतांकडे येत असे. भगवंतांनी मिताहाराची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्याच्या कामावर त्याला नेमले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. संयुत्त निकायातील ही कथा मी शाळेत भंतेजींकडून ऐकली, तेव्हा आम्हा मुलांना तिचे फार हसू आले होते. द्रोणभर भात मिळाल्यास आम्ही कोणत्याही सुदस्सनाला जवळ फिरकू दिले नसते. मिताहार शिकवायचा तर आधी आहार पुरेसा असावा लागतो. मायच्या बाबतीत तर प्रश्न उलटाच निघाला. फोटोंवरून कळले, ते ती जास्त खाते हे नव्हे. ती रात्रीची एक चतकोर आणि चटणी यांवर भागवते, हे कळले. एकटीसाठी चूल कोण पेटवणार?

अजून एक गोष्ट कळली, तीही फोटो न आल्यामुळे. तांदुळजा, पाथरी, चिघळ असल्या शेतातल्या तणात उगवणाऱ्या भाज्या ती आवडीने खाते, पण त्यांचा फोटो कधी येत नसे. त्या दिवशी डाळीची वाटी पुढे आणि भाजी भाकरीखाली. वशाटाचे तर नावच नको. लहानपणी, मी शाळेत राहायला येण्यापूर्वी, गावच्या शाळेत डब्याचे झाकण आडवे धरून जेवत असे. तसे करायला मला तिनेच शिकवले होते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील दलितांच्या घरी काय शिजत होते आणि का, ते त्यांनी पाककृतींसह लिहून ठेवले. ते वाचताना मला पानोपानी ते झाकण दूर होत असल्यासारखे वाटले. त्यातील काही भाग मी मायला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे छापून आलंय? समद्यांनी वाचायला?”

त्यानंतर सात-आठ दिवसांनी चिघळीच्या भाजीचा फोटो आला. ताटाच्या मधोमध. चमचा बाजूला ठेवलेला, नियमाप्रमाणे.

मोबाइलमध्ये तिच्या ताटांचे आता दोन हजारांच्या वर फोटो आहेत. कोणाला दाखवण्यासारखे त्यांत काही नाही. तरुण सहकारी जेवणापूर्वी ताटाचा फोटो काढतात, तेव्हा ज्येष्ठ मंडळी नाके मुरडतात. अन्न थंड करून दाखवेगिरी कशाला, असे म्हणतात. दाखवेगिरी त्यात असतेही. पण ज्यांच्या घरी ताट झाकून ठेवण्याची रीत होती, त्यांच्या मुलीने आपले ताट उजेडात आणून त्याचा फोटो काढला, तर मला तिच्यावर रागावता येत नाही. तेवढ्यात वरण थोडे थंड झाले तर होऊ द्यावे.

हल्ली एक नवीनच झाले आहे. मी पुण्यात नोकरीनिमित्त एकटा असतो आणि दुपारी कार्यालयाच्या खानावळीत जेवतो. तिचा फोटो आला की मागोमाग तिचा आवाजही येतो: “आता तुझं ताट दाव.” मी निमूटपणे फोटो पाठवतो. परवा दोन मिनिटांतच उत्तर आले, “कोशिंबीर कुठंय? आन् भात एवढा कशाला घेतलास रं?”