पहिला नंबर घेणारी पळून का जात नाही?

बारा बायका एकत्र येतात, दरमहा तीन-तीन हजार रुपये काढतात आणि छत्तीस हजार एकीच्या हातात ठेवतात. सही नाही, तारण नाही, व्याज तर नाहीच. कुणी याला भिशी म्हणतं, आपल्या बहुतेक घरांत बीसी म्हणतात, जुनी उर्दू बोलणारी माणसं कमेटी म्हणतात. हे वाचणाऱ्या भगिनींमध्ये एकाही भिशीत नसलेली भगिनी शोधावीच लागेल. आम्ही शाळेतल्या बाराजणीही गेली चौदा वर्षं भिशी चालवतो. त्यात आपा आहेत, मराठीच्या बाई आहेत, कार्यालयातली क्लार्क आहे आणि सेविका मावशीही आहेत. लिलावाच्या भिशीत मात्र आम्ही पडत नाही. तिथे जिला गरज जास्त ती कमी पैशांवर राजी होते आणि उरलेले बाकीच्या वाटून घेतात. ते आम्हाला व्याजासारखंच वाटतं. आमच्या नुसत्या चिठ्ठ्या.

आता हिशेब पाहा. जूनमध्ये जिची पहिली चिठ्ठी निघाली तिने तीन हजार दिले आणि छत्तीस हजार घेतले. तेहतीस हजारांचं देणं बाकी. केवळ स्वतःचा फायदा पाहायचा तर जुलैत फोन बंद करणं सगळ्यात सोपं. कोर्टात जायला आमच्याकडे एक वही आहे, बस्स. तरीही ती पुढचे अकरा महिने पैसे देते. का?

‘ईमानदार आहे म्हणून’ हे उत्तर खोटं नाही, पण ते पुरत नाही. भिशीचा हप्ता पाच तारखेच्या आत देणाऱ्या काहीजणींच्या घरची पाणीपट्टी तीन-तीन वर्षं थकलेली असते. बाई तीच, ईमान तेच, मग एका ठिकाणी वायदा पाळला जातो आणि दुसरीकडे का नाही? (घरांची नावं विचारू नयेत.)

आणि शेवटच्या नंबरवालीचं काय? तिने बारा महिने भरले आणि बाराव्या महिन्यात स्वतःचेच छत्तीस हजार परत घेतले. डब्यात टाकले असते तरी तेवढेच झाले असते. पण डब्यातले पैसे टिकतात कुठे? शिवाय एकटीने साठवले तर प्रत्येकीला छत्तीस हजार बाराव्या महिन्यातच दिसणार. भिशीत सरासरी काढली तर ते साडेसहाव्या महिन्यात दिसतात. म्हणजे अकराजणींचं काम लवकर होतं आणि बारावीचं नुकसान होत नाही. पुढच्या फेरीत तिचाही नंबर वर येऊ शकतो. इथे कुणी कुणावर उपकार करत नाही. प्रत्येकजण आपल्या गरजेसाठी येते आणि तरी सगळ्यांचं भलं होतं.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकाला घातला. डाव साधा होता. दोघे समोरासमोर. दोघांनी साथ दिली तर तीन-तीन गुण. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा दिला तर दगा देणाऱ्याला पाच, साथ देणाऱ्याला शून्य. दोघांनी दगा दिला तर एक-एक. डाव एकदाच खेळायचा असेल तर समोरचा काहीही करो, दगा देणाराच फायद्यात राहतो. पण हाच डाव त्याच माणसाशी दोनशे वेळा खेळायचा असेल तर? ॲक्सेलरॉड यांनी जाणकारांकडून खेळण्याच्या पद्धती मागवल्या. पहिल्या वेळी चौदा आल्या, दुसऱ्या वेळी सहा देशांतून बासष्ट. काही भलत्याच चतुर होत्या, मधूनच हळूच दगा देऊन पाहणाऱ्या. दोन्ही वेळा जिंकली ती सगळ्यात छोटी पद्धत, टोरांटोच्या अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली. तिचं नावच ‘जशास तसे’. पहिल्या डावात साथ द्यायची. नंतर समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच आपण करायचं.

मुलांना हे सांगितलं की त्यांना सूडाची गोष्ट वाटते. पण नीट पाहिलं तर ही पद्धत आपण होऊन कधी दगा देत नाही. दगा झाला तर लगेच उत्तर देते, आणि समोरचा सुधारला की जुनं उकरून काढत नाही. एकदा दगा झाला की कायमचं तोंड फिरवणारी एक पद्धतही त्या स्पर्धेत होती, ती बरीच मागे पडली. आणि गंमत अशी की जशास तसे वागणारा आपल्या समोरच्यापेक्षा जास्त गुण एकाही सामन्यात मिळवूच शकत नाही. फार तर बरोबरी. एकालाही न हरवता तो सगळ्यांच्या पुढे गेला. शेजारणीपेक्षा आपल्याला जास्त मिळालं पाहिजे या हट्टाने जगणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

ॲक्सेलरॉड यांनी १९८४ च्या पुस्तकात यातून जे काढलं त्याचा गाभा असा, की साथ टिकायला मन मोठं असावंच लागतं असं नाही. पुन्हा गाठ पडणार आहे हे दोघांना ठाऊक असावं लागतं. पाणीपट्टी आणि भिशी यांतला फरक हाच. वसुली खात्याशी रोज एका टेबलावर डबा खायचा नसतो.

आमच्या भिशीचे नियमही कुणी पुस्तक वाचून केलेले नाहीत. एक दिवस उशीर झाला तर वीस रुपये, ते समोशाच्या खात्यात. नवीन येणारीला पहिल्या फेरीत शेवटचा नंबर, चिठ्ठी नाही. शेवटच्या नंबरवाली पळून गेली तरी स्वतःचेच पैसे सोडून जाणार, त्यामुळे सगळ्यांना झोप लागते. सात वर्षांपूर्वी एका बाईंनी दुसरा नंबर घेतला, चौथ्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि हप्ते थांबले. खड्डा आम्ही अकराजणींनी वाटून भरला. फोनवर तमाशा केला नाही, पण पुढच्या फेरीत त्यांचं नाव घातलं नाही आणि का ते त्यांना स्पष्ट सांगितलं. दीड वर्षाने त्यांनी थोडे थोडे करून सगळे फेडले. नंतर त्या परत आल्या, शेवटच्या नंबरावर. तीन वर्षांनी त्यांची चिठ्ठी पुन्हा इतरांबरोबर डब्यात पडू लागली.

शिक्षा हलकी, पण चुकत नाही. हेच एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना जगभरच्या शेतकऱ्यांत, कोळ्यांत, गुराख्यांत दिसलं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, वर्ष २००९. त्यांनी अभ्यासलेलं एक ठिकाण म्हणजे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची कालव्यावरची शेती. त्या शहरात पाण्याचं एक न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता ते कॅथेड्रलच्या दरवाजाबाहेर भरतं. आठ कालव्यांचे आठ निवडून दिलेले शेतकरी न्यायाधीश म्हणून बसतात. कामकाज सगळं तोंडी. ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्या कालव्याचा न्यायाधीश निकालात भाग घेत नाही. दंड मोठे नसतात, पण सगळ्या गावासमोर होतात. परंपरा या न्यायालयाची सुरुवात मुस्लिम अंदलूसच्या काळात नेऊन ठेवते, आणि ते कॅथेड्रलही जुन्या मशिदीच्या जागेवरच उभं आहे. तिथे कालव्याला आजही ‘असेकिया’ म्हणतात, मूळ अरबी ‘अस-साकिया’. उर्दू शायरीतला साकी याच घराण्यातला, फक्त तो शेताला पाणी देत नाही! युनेस्कोने त्याच २००९ साली या न्यायालयाला वारशाच्या यादीत घेतलं.

ऑस्ट्रॉम यांनी टिपलेली एक बारीक गोष्ट आम्हाला फार पटली. तिथे चौकीदारावर फार खर्च करावा लागत नाही. ज्याची पाळी पुढची, तो आधीच्या शेतकऱ्याने दार वेळेवर बंद केलं का हे स्वतःच उभा राहून पाहतो, कारण त्याला पाणी हवं असतं. आमच्याकडे ज्या महिन्यात जिचा नंबर, तीच सगळ्यांना फोन करून पैसे जमवते. तिच्याइतकी कळकळ कुठल्या अध्यक्षीणबाईला येणार?

यंदा मात्र वेगळाच पेच आला. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आपा नोव्हेंबरअखेर अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होत्या, आणि भिशी जून ते मे. एका तरुण शिक्षिकेने म्हटलं, आपांना शेवटचा नंबर द्यावा. चुकीचं काही बोलली नाही ती. शेवटचा डाव कोणता हे आधीच ठाऊक असेल तर दगा स्वस्त पडतो, असंच ॲक्सेलरॉड यांचं गणितही सांगतं. पण आपांना लागलं. त्या म्हणाल्या, “मी काय नवी आहे का? चौदा वर्षांची वही काढून पाहा.” स्टाफरूममध्ये आठवडाभर चहा गप्प बसून प्यायला गेला.

आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी ज्या मुद्द्यावर बहुतेकजणी आल्या तो असा, की शाळा सुटली म्हणजे गाठीभेटी सुटल्या असं कुठे आहे? आपांचा नातू आमच्याच पाचवीत आहे. त्यांची सून शेजारच्या शाळेत शिकवते. लग्नात, मय्यतीत, भाजीबाजारात त्या भेटणारच. उलट ज्या दोघींच्या बदलीची खरी शक्यता होती त्या वयाने लहान होत्या आणि त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. वय पाहून धोका ठरवला जात होता. आपांची चिठ्ठी इतरांबरोबर डब्यात पडली. निघाली दुसरी. जुलैत त्यांनी छत्तीस हजार उचलले आणि त्यातून घराच्या पत्र्यांचं काम केलं.

डिसेंबरपासून त्यांचा हप्ता नातवाच्या दप्तरातून येतो. पाकिटावर उर्दूत महिना लिहिलेला असतो. फेब्रुवारीत तो दोन दिवस तापाने घरी होता. तिसऱ्या दिवशी पाकिटात तीन हजार चाळीस रुपये निघाले.

तरुण मंडळींना आता चाळीसजणींची भिशी मोबाईलवर करायची आहे, त्यात निम्म्या परगावच्या, कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीच्या. आम्ही त्यात नाही. पैसे पाठवणं फोनवर सोपं झालं, पण जिला पाठवले ती उद्या कुठल्या बाजारात भेटणार ते फोन सांगत नाही. त्यांना हे जुनाट वाटतं. वाटो.

आपांना पुढच्या फेरीतही राहायचं आहे, म्हणजे जूनपासून पूर्ण वर्षभर शाळेबाहेरून. यावर दोघीजणी नाही म्हणतात, चौघी हो म्हणतात, बाकीच्या अजून बोललेल्या नाहीत. चिठ्ठ्या जूनच्या पहिल्या शनिवारी आहेत.