जबलपूरचा रस्ता

कन्हानच्या पुलावर उभं राहिलं की एका अंगाला कामठी, नागपूर. दुसऱ्या अंगाला मनसर, सिवनी, जबलपूर. कोळशाचे ट्रक दोन्हीकडे धावतात. कोर्टाची पेशी असलेला माणूस मात्र नागपूरकडेच निघतो. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल, आणि ती जागेवर आहे ना, हे दर स्टॉपला चाचपणारा हात. 1956 पर्यंत जबलपूरच्या अशिलाचंही अपील नागपुरातच चालायचं. मध्य प्रांत-वऱ्हाडचं हायकोर्ट इथलं.

या रस्त्यावर मला मोहम्मद हिदायतुल्ला आठवतात. जन्म लखनौचा, कॉलेज नागपूरचं मॉरिस, मग केंब्रिज. 1930 पासून नागपुरात वकिली, जोडीला लॉ कॉलेजात शिकवणं. 1946 साली न्यायमूर्ती, 1954 च्या डिसेंबरात मुख्य न्यायमूर्ती. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. सिव्हिल लाइन्समधल्या त्या घुमटाच्या दगडी इमारतीत आता स्थिरावायचं, तर 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि त्यांच्या पायाखालचं हायकोर्टच गेलं. नागपुरात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. हिदायतुल्ला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून जबलपूरला गेले. दोन वर्षांनी दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाचं बोलावणं आलं.

दिल्लीतला त्यांचा एक निकाल मला आजही पटत नाही. मुंबईच्या उदेशी नावाच्या पुस्तकविक्रेत्याने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकायला ठेवलं म्हणून झालेली शिक्षा 1964 मध्ये त्यांनी कायम केली. केंब्रिजात इंग्रजी साहित्य शिकलेल्या माणसाने! पुढे 1970 मध्ये, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात, त्यांनी सेन्सॉर मान्य केला. पण कलेला जागा ठेवणारे निकष हवेत, हेही सरकारला ऐकवलं. हा हिदायतुल्ला मला जवळचा वाटतो.

स्पर्धा परीक्षेची पोरं मात्र त्यांना 1969 च्या 35 दिवसांसाठी ओळखतात. राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले, कार्यवाहक राष्ट्रपती गिरींनी राजीनामा दिला, म्हणून तेव्हा सरन्यायाधीश असलेल्या हिदायतुल्लांकडे कार्यवाहक राष्ट्रपतिपद आलं. त्यात कर्तृत्व कमी, घटनेची पायरी जास्त. नागपूरच्या कोर्टात हा माणूस वकील आणि न्यायमूर्ती मिळून 26 वर्षं होता. ते हायकोर्ट बंद झालं तरी त्याचे निकाल छापलेले आहेत. नागपूरच्या लॉ कॉलेजातल्या एखाद्या पोराने ते बाहेर काढावेत आणि त्यांवर मराठीत लिहावं.