डोळा वर, खुंट खाली

गुलाबाचं रोप घेताना फूल पाहू नये, बुंधा पाहावा. पिशवीतल्या मातीच्या थोडं वर खोडाला कोपरासारखा बाक असतो. तिथे खुंटावर दुसऱ्या जातीचा डोळा भरलेला. खाली खुंट इंडिका किंवा मल्टिफ्लोरा, वर ग्लॅडिएटर नाहीतर दुसरा कुणी. बऱ्याचदा डोळ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहते. ती ब्लेडने उभी चिरून काढावी, नाहीतर खोड जाड झालं की काचते. बाकच नसेल तर रोप फाट्यापासून केलेलं.

इंग्रजी पुस्तकं सांगतात, डोळा दोन-तीन इंच मातीखाली घ्या. तिकडे जमीन गोठते. वरचं मेलं तरी मातीखालून कलम फुटावं हा हिशेब. मिरजेत थंडी म्हणजे मफलर. आपली धास्ती पावसाळ्याची. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, गाडलेला डोळा कुजतो.

नव्या खड्ड्यातली माती बसते, रोपही तिच्याबरोबर खाली जातं. लावताना डोळा चार बोटं वर ठेवला तर दोन उरतात.

तासगावच्या द्राक्षवाल्याला हे सांगायला नको. खाली डॉगरीजचा खुंट, वर थॉमसन द्राक्ष. खारवट जमीन, पाण्याची ओढ खुंटाने सोसायची. जोड मातीत गेला की वरच्यालाच मुळं फुटतात, खुंटाचे पैसे पाण्यात. गुलाबात एवढं रडायला नको. काही जाती स्वतःच्या मुळांवर मजेत जगतात, काही नुसत्या कुढतात.

पानाला सात पर्णिका म्हणजे खुंटाची फूट, पाच म्हणजे कलमाची, असं जो तो सांगतो. भरवसा नाही; कलमी गुलाबालाही सात येतात. माती उकरून फूट निघाली कुठून ते बघावं. डोळ्याखालून असेल तर कात्री न लावता ओढून बुडासकट उपटावी. कापली की पुन्हा फुटते.

गावठीला ही कटकट नाही. मिरजेतल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावर वाहायचा असो की गुलकंदाला, वास हवा तर तोच. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीच्या जाडीचा वीतभर फाटा घ्यावा, निम्मा मातीत खोचावा. रोप थोडं खोल गेलं तरी बिघडत नाही, आणि वरून वाळलं तरी बुडातून तोच गुलाब येतो. कलम मेलं तर खुंट उरतो. हिरवागार दिसतो, आणि मालक फुलाच्या आशेने त्याला पाणी घालत बसतो.

कलमी गुलाबाची ऑक्टोबरात छाटणी, मग दीडेक महिन्यात फुलं. छाटणीआधी बुंध्याची माती हाताने मागे ओढावी. शेणखत घालून घालून ती डोळ्यावर चढलेली असते.