“प्लॉट मोकळा करून द्या”

पुण्यातला मामांचा बंगला विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकांची वाण नव्हती. रस्त्यालगतचा प्लॉट, मिळकत पत्रिकेवर एकटं नाव, बोजा नाही. तरी बोलणी फिरून एकाच अटीवर अडायची: “प्लॉट मोकळा करून द्या.” मोकळा म्हणजे फाटकाजवळचा आंबा आणि मागचं जांभूळ काढून. वकील-एजंटांच्या बैठकींना मामा मला सोबत न्यायचे, त्यामुळे ही ओढाताण जवळून पाहायला मिळाली.

मामा म्हणायचे, झाडाचं काय ते घेणाऱ्याने बघावं. घेणारे म्हणायचे, मालक तुम्ही, परवानगीही तुम्हीच आणा. वकिलांनी दोघांनाही गप्प केलं. घर विकायला कायद्याची आडकाठी नाही; पण महाराष्ट्राच्या शहरी भागात १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यामुळे स्वतःच्या कुंपणातलं झाडही परवानगीवाचून पाडता येत नाही. मालक बदलला तरी हे बंधन सुटत नाही. अर्ज केला की पाहणी होते, बुंध्यावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, लोक हरकती घेतात. परवानगी मिळेलच, असं साठेखतात कोण लिहून देणार?

त्यातून २०२१ ची दुरुस्ती. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष ठरतं, आणि एखादं झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. तीही सहा ते आठ फूट उंचीची, पुढे सात वर्षं जगवण्याच्या जबाबदारीसह. एका बैठकीत प्रश्न निघाला, आंब्याचं वय किती? मामींनी उत्साहाने अल्बम आणला. वास्तुशांतीचा काळा-पांढरा फोटो, मागे शाईने लिहिलेलं १९७१, मामांच्या गुडघ्याला लागेल एवढं रोप आणि त्याभोवती विटांचं आळं. घेणारे गृहस्थ फोटोकडे बघत राहिले, चहा संपवला आणि पुन्हा फिरकले नाहीत.

मग एका एजंटाने हळूच सुचवलं, “बुंध्याला भोकं पाडून ॲसिड सोडलं की दोन पावसाळ्यांत झाड आपसूक वाळतं.” असे सल्ले या धंद्यात सर्रास मिळतात, आणि देणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. कायद्याच्या व्याख्येत झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणं नव्हे. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यातच येतं. मामा तसे भिडस्त, पण त्या दिवशी त्यांनी एजंटाला फाटकापर्यंत पोचवलं नाही.

शेवटी ज्यांनी घर घेतलं ते आधी आर्किटेक्टला घेऊन आले. त्याने छातीच्या उंचीवर आंब्याला टेप गुंडाळली, फांद्यांचा पसारा पावलांनी मोजला, आणि गाड्यांची जागा दुसऱ्या अंगाला सरकवून कच्चा आराखडा काढला. साठेखताला झाडांचं परिशिष्ट जोडलं गेलं: जात, बुंध्याचा घेर, जागा, फोटो; शिवाय ही झाडं पाहूनच व्यवहार करत असल्याची खरेदीदाराची कबुली. विकणाऱ्याला एवढं कलम आग्रहाने घालून घ्यावंच, म्हणजे पुढे कोणी ‘आम्हाला सांगितलंच नव्हतं’ म्हणायला नको.

एका गाडीची जागा गेली म्हणून त्यांनी भाव पाडून मागितला. मामांनी आंब्याचं कलम हापूसचं आहे, हे कारण पुढे करून त्यातले निम्मे पैसे वाचवले.